दोन शॉकअप, एक पिस्टन आणि मामाची जावा

गेल्या आठ महिन्यांचे शनिवार-रविवार कुठे गेले असं कोणी विचारलं तर मी सोसायटीच्या पार्किंगकडे बोट दाखवतो. तिथे ताडपत्रीखाली १९६९ ची जावा २५० उभी आहे. मामाची. मामा पिंपरीत एका कंपनीत टूलरूमला होता आणि ही गाडी त्याने सेकंडहँड घेतली होती. पंचवीस वर्षं वापरली, मग वीस-बावीस वर्षं ती वाड्याच्या बोळात पाऊस खात उभी राहिली. वाडा पाडायला काढला तेव्हा मामी म्हणाली, "भंगारवाला आठ हजार म्हणतोय. तुला हवी असेल तर ने, नाहीतर उद्या जाईल ती."

मी आणली. टेम्पोत घालून हिंजवडीला. वॉचमनने एंट्री करताना 'वस्तूचे नाव' या रकान्यात 'भंगार' लिहिलं :)

तर मंडळी, आजचा लेख त्या गाडीबद्दल आहे, पण खरं म्हणजे त्या गाडीने मला जो इतिहास शिकवला त्याबद्दल. कारण झालं असं, की मी तिला 'नवीन करायला' निघालो होतो आणि मध्येच माझ्या हातून एक गोष्ट अशी गेली की ती परत येणार नाही. त्याच्याकडे येतोच. आधी ही गाडी आली कुठून ते बघू.

*

जावा हे नाव ऐकून अनेकांना इंडोनेशियातलं बेट आठवतं, आणि आमच्या ऑफिसात तर विचारूच नका. दोन्ही चूक. फ्रांटिशेक यानेचेक नावाचा एक चेक शस्त्रास्त्र कारखानदार होता. पहिलं महायुद्ध संपल्यावर हळूहळू बंदुकांचा धंदा बसला, तेव्हा त्याने १९२९ साली वॉन्डरर या जर्मन कंपनीकडून ५०० सीसी मोटरसायकलचे हक्क घेतले. यानेचेकचं 'जा' (स्पेलिंग तसं आहे म्हणून) आणि वॉन्डररचं 'वा'. झालं जावा. पहिली गाडी महाग होती आणि ती फारशी चालली नाही. पुढे इंग्लंडहून पॅचेट नावाचा डिझाइनर आणला, १९३२ मध्ये छोटी १७५ सीसी काढली, आणि मग कंपनी उभी राहिली.

खरी गंमत दुसऱ्या महायुद्धातली आहे. चेकोस्लोव्हाकियावर जर्मनांचा ताबा. मोटरसायकली बनवायला बंदी. पण जावाच्या इंजिनिअरांनी चोरून २५० सीसीची नवी गाडी तयार केली आणि ती जर्मन गाडी वाटावी असा वेष देऊन रस्त्यावर तपासली. युद्ध संपल्यावर १९४६ साली ती पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. तिला लोक 'पेराक' म्हणायचे, म्हणजे स्प्रिंगवाली. कारण तिच्या मागच्या चाकाला स्प्रिंगा होत्या. आज आपल्याला याचं काहीच वाटणार नाही, पण तेव्हा बहुतेक गाड्यांचं मागचं चाक थेट फ्रेमला आवळलेलं असायचं. खड्डा आला की तो सरळ कण्यात.

पेराकची स्प्रिंग मात्र चाकाच्या ॲक्सलपाशी उभ्या नळीत होती, चाक इंच-दोन इंच वरखाली व्हायचं, बास. १९५३-५४ च्या सुमारास पुढचं मॉडेल आलं, ३५३ नंबरचं. यात मागचं चाक एका झुलत्या काट्यावर (आपले मेकॅनिक त्याला चिमटा म्हणतात) आणि त्या चिमट्याला दोन्ही बाजूंनी एकेक शॉकअप. चेक लोकांनी हिचं नाव ठेवलं 'कीवाच्का', म्हणजे झुलणारी. आपल्याकडे जी जावा आली ती हीच झुलणारी.

हे 'दोन बाजूंना दोन शॉकअप' प्रकरण पुढची वीस-पंचवीस वर्षं जगातल्या जवळजवळ प्रत्येक मोटरसायकलला होतं. १९७३ साली यामाहाने मोटोक्रॉसमध्ये सीटखाली एकच लांब शॉकअप लावून २५० सीसीची वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली आणि तिथून मोनोशॉक सुरू झालं. युरोपात 'ट्रायल्स' नावाचा खेळ आहे. दगड, ओढे, चिखल यांतून पाय न टेकवता गाडी न्यायची. वेगाला काही किंमत नाही, पाय टेकला की गुण गेला. स्कॉटलंडची सहा दिवसांची स्पर्धा १९०९ पासूनची. तिथे १९६५ साली सॅमी मिलरने बुल्टाको या बार्सिलोनाच्या टू-स्ट्रोक गाडीवर बाजी मारली आणि जड फोर-स्ट्रोक इंग्लिश गाड्यांचा जमाना संपत आला. आज तिकडे या जुन्या गाड्यांसाठी 'ट्विनशॉक' असा वेगळा वर्गच असतो. बुल्टाको, मोंतेसा, ओस्सा, यामाहा टीवाय. लोक गॅरेजमध्ये बसून त्या घासतात, पुसतात, आणि रविवारी ओढ्यात घालतात.

आपल्याकडे ट्रायल्स हा खेळ रुजला नाही. पण माझं म्हणणं असं, की सत्तरच्या दशकात मावळातल्या कच्च्या रस्त्यावरून पावसात फर्स्ट शिफ्ट गाठणारा प्रत्येक जण रोज ट्रायल्सच खेळत होता. फक्त गुण द्यायला कोणी नव्हतं.

*

आता ती भारतात कशी आली. मुंबईचे इराणी. रुस्तम इराणी आणि फारुख इराणी हे पन्नासच्या दशकात जावा आयात करून विकत होते. पुढे आयातीवर निर्बंध आले. सरकारचं म्हणणं साधं होतं, गाडी हवी असेल तर इथे बनवा. मग म्हैसूरमध्ये यादवगिरीला 'आयडियल जावा' उभी राहिली आणि १९६१ मध्ये उत्पादन सुरू झालं. उद्घाटनाला म्हैसूरचे महाराज, जे तेव्हा राज्यपालही होते, जयचामराजेंद्र वाडियार.

त्याच सुमाराला आपल्या पट्ट्यात काय चाललं होतं बघा. बजाज इटलीच्या पियाजिओकडून लायसन्स घेऊन व्हेस्पा बनवत होते, आणि पुढे आकुर्डीत त्यांचा मोठा कारखाना झाला. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. सगळ्या देशात गोष्ट एकच: परदेशी डिझाइन, देशी हात, आणि दिल्लीहून ठरवून दिलेला कोटा. एनफिल्ड इंग्लंडची, राजदूत पोलंडची, जावा चेकोस्लोव्हाकियाची, स्कूटर इटलीची.

मग लायसन्स संपली. पियाजिओबरोबरचा करार १९७१ मध्ये संपला, आणि बजाजने तीच स्कूटर पुढे 'चेतक' नावाने आणली, राणा प्रतापच्या घोड्याच्या नावाने. इकडे म्हैसूरच्या गाडीवरचंही 'जावा' नाव सत्तरच्या दशकात गेलं आणि 'येझदी' आलं. येझदी म्हणजे इराणातल्या यझ्द शहराचं. झरथुष्ट्री इराणी मंडळी ज्या भागातून भारतात आली त्यातलं हे एक मुख्य गाव. म्हणजे डेक्कनवर गुडलकला बसून आपण बनमस्का खातो तो आणि बाहेर स्टँडवर लावलेली येझदी, दोन्हींचा गाववाला एकच!

मला हे फार आवडलं. गाडी तीच, नटबोल्ट तेच, पण परक्याचं नाव काढायची वेळ आली तेव्हा एकाने इतिहासातला घोडा आठवला, आणि दुसऱ्याने आजोबांचं गाव.

*

आता गाडी उघडू. (ज्यांना तेला-ग्रीसचा कंटाळा आहे त्यांनी पुढच्या चांदण्यांपर्यंत उडी मारावी.)

जावाचं इंजिन २४८.५ सीसी, एकच पिस्टन, टू-स्ट्रोक. ताकद बारा बीएचपीच्या आसपास. आजच्या १२५ सीसी बाइकइतकी. पण एका पिस्टनला दोन सायलेन्सर आहेत, म्हणून तो ओळखीचा 'डुग-डुग-डुग' आवाज. किक आणि गिअर यांचा दांडा एकच. दांडा आत दाबून मागे फिरवला की तो किक होतो, गाडी चालू झाली की पुढे आणून तोच गिअर. आणि हा दांडा दाबला की क्लच आपोआप सुटतो, हात लावायची गरज नाही. इग्निशनच्या चावीला दातेच नाहीत, खिळ्यासारखी सरळ दांडी. तुमच्या चावीने माझी गाडी चालू होते. सिक्युरिटी ऑडिटमध्ये पहिल्या मिनिटाला नापास :)

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलच्या टाकीतच ऑइल मिसळायचं, कारण इंजिनाचं पोट म्हणजे क्रँककेस हीच हवा-पेट्रोल ओढणारा पंप असते. तिथे वेगळं ऑइल साठवता येत नाही. म्हणून क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील हा टू-स्ट्रोकचा जीव. उजवीकडचं सील गेलं तर इंजिन बाहेरची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापून जाम. डावीकडचं गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं आणि पांढरा धूर. मामाची गाडी शेवटी याच दुखण्याने बंद पडली होती असं उघडल्यावर कळलं. दोन सीलची किंमत मिळून एका पिझ्झापेक्षा कमी. पण ती बदलायला पूर्ण इंजिन दोन भागांत फोडावं लागतं.

सुट्या भागांसाठी नाना पेठ आणि रविवारी जुना बाजार. नाना पेठेत एक चाचा भेटले, चाळीस वर्षं फक्त जावा-येझदी. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "बेटा, खोलायच्या आधी फोटो काढ. आणि कुठलीही वस्तू फेकू नको. गाडी चालू होईपर्यंत वायसर पण नाही."

फोटो काढले. प्रत्येक पार्टला झिपलॉकची पिशवी, पिशवीवर नंबर, नंबरांची एक्सेल शीट. इथपर्यंत मी इंजिनिअर. टाकीत गंज होता, तो काढायला लिंबूसत्त्व. किराणा दुकानात मिळतं तेच, गरम पाण्यात घालून टाकीत एक दिवस ठेवायचं, नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं, लगेच वाळवायचं आणि आतून ऑइल फिरवायचं. नाहीतर तासाभरात परत तांबूस. पिस्टन सिलिंडरला चिकटला होता, तिथे डिझेल आणि गिअर ऑइल मिसळून ओतलं आणि दहा दिवस हात लावला नाही. अकराव्या दिवशी लाकडाचा ठोकळा ठेवून हळू ठोकलं, सुटला. भोसरीत एका लेथवाल्याकडून बोअर करून घेतलं, एक साइज मोठा पिस्टन. पॉइंटचा गॅप ०.४ मिमी. ठिणगी पिस्टन वर पोचायच्या साधारण ३ मिमी आधी.

मागचे दोन शॉकअप उघडले तेव्हा एकात ऑइलचा थेंब नव्हता, दुसऱ्यात काळा चिखल. आणि एका शॉकअपच्या वरच्या बुशाच्या जागी मूळ रबर नव्हतंच. ट्रकच्या टायरमधून गोल कापून, मध्ये भोक पाडून, इतकी नेमकी बसवलेली चकती होती की मला वाटलं कंपनीचीच. टूलरूमचा माणूस.

अशा खुणा मग जागोजागी सापडायला लागल्या. पेट्रोलच्या नळाला बाटलीच्या बुचाचं वायसर. चेनकव्हरला आतून ब्रेझिंगचा टाका. ब्रेक पेडलची पिन नव्याने खरादून केलेली, मूळ पिनेपेक्षा सरस. हे सगळं वाचता येत होतं. अमुक काळात पार्ट मिळत नव्हता. अमुक काळात पैसे नव्हते. अमुक काळात वेळ होता. आम्ही कोडमध्ये प्रत्येक बदलाला कमिट मेसेज लिहितो, 'फिक्स्ड बग' वगैरे. मामाने काहीच लिहिलं नव्हतं, पण हिस्ट्री पूर्ण होती.

*

आणि आता ती चूक.

मला गाडी चकचकीत हवी होती. नेटवर बघितलेल्या फोटोसारखी. मरून रंग, टाकीच्या कुशीला आरशासारखं क्रोम. मी टाकी, दोन्ही मडगार्ड आणि साइडचे डबे एका पेंटवाल्याकडे दिले आणि सांगितलं, "पूर्ण पत्र्यापर्यंत घासा." त्याने सांगितलं तसंच केलं, त्याचा काही दोष नाही. मागचं मडगार्ड मी देताना नीट पाहिलं नव्हतं. आतल्या बाजूला, चिखलाच्या थराखाली, मामाने ब्रशने तारखा लिहिल्या होत्या. गाडी घेतल्याची, प्रत्येक वेळी इंजिन उघडल्याची, आणि आईला लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आणलं त्याची. हे मला नंतर मामाने फोनवर सांगितलं, अगदी सहज. "मडगार्डच्या आत बघ, सगळी सर्व्हिस हिस्ट्री आहे, तुला उपयोगी पडेल."

तोपर्यंत तिथे प्रायमर लागला होता.

आमच्या भाषेत याला फोर्स पुश म्हणतात. मागचं सगळं पुसून वर आपलं. फरक एवढाच, की सर्व्हरवर कोणाकडे तरी कॉपी असते. मडगार्डची नव्हती.

मामा काही बोलला नाही. "असू दे रे, मला आठवतात त्या," म्हणाला. पण मामा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, आणि दुसऱ्या दिवशी मी विचारलं तेव्हा त्याला तीनच तारखा आठवल्या.

त्यानंतर मी बाकीचं काम थांबवलं. क्रोमला द्यायच्या वस्तू परत आणल्या. टाकी घासून झालेली होती, तिला इलाज नव्हता, ती मरून झाली. पण हेडलाइटचा डबा, चेनकव्हर, हँडल, शॉकअपची टोपणं मी फक्त केरोसिनने धुतली, पुसली आणि मेणाचं पॉलिश केलं. गंजाचे ठिपके आहेत. राहू देत. क्रोमचं म्हणाल तर त्याच्या टाकीतलं क्रोमियम-६ विषारी असतं, आणि ते धुतलेलं पाणी प्रक्रिया न होता सुटलं तर शेवटी नदीत जातं. आरशासारखं दिसणं काही फुकट नसतं.

ट्रकच्या टायरची चकती? परत बसवली. चाचांनी नवीन बुश दिला होता, तो पिशवीत आहे. नंबर ११४.

*

राहिला प्रश्न, की इतकी टिकाऊ गाडी बनवणारी कंपनी बंद का पडली? १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाला. बऱ्याच जणांचं उत्तर असतं, 'जपानी आले.' ते खरं आहे, पण अर्धं. १९८४ ते १९८६ या तीन वर्षांत सुझुकी, होंडा, यामाहा, कावासाकी, चौघांच्या १०० सीसी गाड्या भारतात जोडीदार घेऊन उतरल्या. हीरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० पेट्रोलच्या हिशोबात अशी होती की २५० सीसी टू-स्ट्रोकने तिच्यापुढे उभं राहणं अवघड. त्यात १९९१ पासून धुराचे नियम सुरू झाले, १९९६ ला कडक झाले, २००० ला आणखी कडक. टू-स्ट्रोकमध्ये ताजं पेट्रोल काही अंशी न जळता थेट सायलेन्सरमधून जातं, हा तिच्या रचनेतलाच दोष. कार्ब्युरेटर ट्यून करून तो जात नाही. देशातल्या गाड्या या नियमांना उतरतात का हे तपासणारी एक मुख्य जागा म्हणजे आपल्या वेताळ टेकडीवरची एआरएआय. म्हणजे जावाच्या मृत्यूच्या दाखल्यावरची एक सही पुण्याची आहे असं म्हणायला हरकत नाही.

पण नियम तर बजाजलाही तेच होते. आकुर्डीवाले वाचले कारण त्यांनी वेळेत दुसरी गाडी बनवायला घेतली: आधी कावासाकीबरोबर, मग १९९९ ला चाकणचा प्लांट, २००१ ला पल्सर. म्हैसूरवाल्यांकडे १९७८ ची रोडकिंग होती आणि शेवटपर्यंत तीच होती. तिच्यावर प्रेम करणारे खूप होते. प्रेमाने कंपनी चालत नाही, हे आमच्या क्षेत्रातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

आणि अगदी खरं सांगायचं तर आकुर्डीतही २००७ मध्ये उत्पादन थांबलंच होतं, २००९ मध्ये बजाजने स्कूटर बनवणंच सोडलं. चेतक परत आली ती विजेवर, २०२० मध्ये. जावा परत आली २०१८ मध्ये, महिंद्राच्या पाठबळावर. त्या कंपनीत रुस्तम इराणींचा मुलगा बोमन इराणी भागीदार आहे. नव्या जावाचं इंजिन महिंद्राच्या मोजोच्या घराण्यातलं. महिंद्राने दुचाकीचा धंदा सुरू केला तो २००८ मध्ये आपल्या लुनावाल्या कायनेटिकचा घेऊन. फिरून फिरून चिंचवड!

*

शेवटचं काम कागदांचं. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपातली, चासी-इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. पण मग ती रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. दुसरा मार्ग म्हणजे साधं पासिंग दर पाच वर्षांनी नव्याने करत राहायचं, ग्रीन टॅक्स भरायचा आणि चालवायची.

मी बराच विचार केला. व्हिंटेजमध्ये मान आहे. पण मामाने ती गाडी मानासाठी घेतली नव्हती, फर्स्ट शिफ्टसाठी घेतली होती. मी साधं पासिंग केलं. १९८९ च्या आधीचा तीन अक्षरी नंबर तसाच राहिला. एक पथ्य मात्र पाळतो: आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुनं रबर, बूच खातं. म्हणून गाडी उभी करायच्या आधी नळ बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालवायची.

गेल्या रविवारी पहाटे, ट्रॅफिक जागा व्हायच्या आत, फेज थ्रीच्या मागून कासारसाई धरणापर्यंत जाऊन आलो. काचेच्या बिल्डिंगांमधून तो आवाज फार वेगळा घुमतो. धरणावर थांबून मामाला फोन लावला, फोन सायलेन्सरजवळ धरला. तो मिनिटभर ऐकत राहिला.

मग म्हणाला, "टायमिंग जरा पुढे आहे रे. पॉइंट थोडा मागे घे."

मागे घेतला. आणि मडगार्डच्या आत, नव्या रंगावर, बारीक ब्रशने तारीख लिहिली. त्याला आठवलेल्या त्या तीन तारखांच्या खाली.